पोनम्माचा होकार

"एका पायावर निऱ्या खोचायच्या तरी कशा? सगळी साडी डावीकडं ओघळतेय," धाकट्या जावेला साडी नेसवता नेसवता कमला पुटपुटली.

"ओघळू दे, अक्का. नसलेला पायच तर बघायचाय सगळ्यांना," पोनम्मा म्हणाली.

इस्पितळात आज निवासी डॉक्टरांचा गौरव होता. रुग्णांची सेवा सुधारावी म्हणून या तरुण डॉक्टरांनी वर्षभर केलेल्या प्रयोगांतल्या सर्वांत चांगल्या प्रयोगाला बक्षीस. यंदा ते डॉक्टर मेरेसेनीला मिळणार होतं. प्रयोगाचं नाव, 'आधी रुग्णाला विचारा'. शस्त्रक्रियेआधी रुग्णाशी स्वतः बोलायचं, त्याचं ऐकायचं, मगच संमतीच्या कागदावरच्या चौकोनात खूण करायची. शंभरांतल्या शहाण्णव कागदांवर खूण होती. आभार मानायला एखादा रुग्ण हवा, म्हणून पोनम्माला निरोप गेला. वॉर्डात ती सगळ्यांकडं बघून हसायची. फोटोत बरी दिसली असती.

ती लगेच 'येते' म्हणाली. घरच्यांना वाटलं, बाई सोसायला शिकली. खरं तर ती अकरा दिवस भाजी चिरताना, तांदूळ निवडताना एकच प्रश्न मनात घोटत होती. कुणाकुणाची मान खाली जाईल याचा हिशेब करून तिला बरंही वाटत होतं.

सात महिन्यांपूर्वी शेतात उसाचा खुंट तिच्या पावलात घुसला. साखरेचा आजार, जखम चिघळत गेली. मेरेसेनी कागद घेऊन आली तेव्हा पोनम्मा टक्क जागी होती. पण खाट आणि डॉक्टर यांच्या मध्ये मोठे दीर राजगोपाल, कमलाचे यजमान, उभे होते.

"तिला काय विचारता? नवरा नाही मागं, रडत बसेल नुसती. मी आहे ना घरातला मोठा."

मेरेसेनीच्या कोरोतही, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या गावातही, वडीलधारा बोलत असला की पोरीबाळींनी खाली बघायचं. तिनं खाली बघितलं, त्यांची सही घेतली आणि चौकोनात खूण केली. पोनम्मा शुद्धीवर आली तेव्हा गुडघ्याखाली चादर सपाट होती.

विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. जीव कुणाला नको असतो? पण तो होकार तिचा होता, आणि तो दुसऱ्याच्याच तोंडून निघून गेला. वाचणाऱ्यानंही जरा आठवून बघावं, घरातल्या बाईच्या खाटेपाशी आपण नेमके कुठं उभे होतो.

आता उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. सोमवारी त्याचा कागद निघणार होता. "मी करतो सही," भावजी काल जेवताना म्हणाले होते. आणखी थोडा उकडलेला कसाव्याचा कंद वाढा म्हणावं, तितक्या सहज.

दिवाणखान्याएवढ्या त्या सभागृहात मोठ्या डॉक्टरांनी मेरेसेनीच्या गळ्यात फुलांचा हार घातला. टाळ्या झाल्या. मग पोनम्माचं नाव पुकारलं गेलं, तसे राजगोपालच उठले.

"ती काय बोलणार चारचौघांत? तिच्या वतीनं मी—"

"भावजी, खाली बसा," पोनम्मा म्हणाली. उभ्या जन्मात ती त्यांना असं बोलली नव्हती. ते बसले. कमला पदराआड हसली.

"डॉक्टर, त्या शहाण्णवांत मी आहे का?"

"आहात ना, अम्मा," मेरेसेनी म्हणाली.

"मग मला काय विचारलं होतंत, तेवढं सांगा सगळ्यांना. सोमवारी दुसऱ्या पायाचं विचारायला येणार आहात तुम्ही. पहिल्या वेळी कसं विचारलं, ते कळू दे."

मेरेसेनीचा चेहरा उतरला. कुणीतरी खोकलं.

"अम्मा दमल्यात," मोठे डॉक्टर घाईनं म्हणाले. "चला, चहा घेऊ या."

"मला चहा नको. साखर आहे मला," पोनम्मा म्हणाली. ती हसत होती, आणि त्या हसण्यात दयामाया नव्हती. मग मेरेसेनीला म्हणाली, "मी थांबते, बाळ. सात महिने थांबलेच आहे."

कुणीही उठलं नाही. राजगोपाल मेरेसेनीकडं बघून नकारार्थी मान हलवत होते. मेरेसेनीनं त्यांच्याकडं बघितलं, आणि या वेळी मान खाली घातली नाही. तिनं गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"काहीच विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "अम्मा समोर जाग्या होत्या, आणि मी त्यांच्या दिरांना विचारून त्यांचा पाय कापायला पाठवला. आणि त्या एकट्याच नाहीत."