आईच्या जागा वगळून कार्ताहेना

माझी बायको एदेल्मिरा मार्चमध्ये गेली. तेव्हापासून आमच्या बोगोतातल्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. मला त्रास होऊ नये म्हणून मुलांनी तसं ठरवलं आहे. तिचा फोटोही माझ्या मुलीने, यानेथने, बैठकीतून उचलून कपाटात ठेवला. त्या जागी आता प्लास्टिकचं ऑर्किड आहे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सगळे जेवायला जमले. यानेथने आहियाको केला होता. या सुपात बटाटे विरघळेपर्यंत शिजवायचे असतात, पण तेवढा धीर तिला नाही, त्यामुळे आम्ही ते चावत बसलो होतो. तेवढ्यात माझा मुलगा विल्मर म्हणाला, "बाबा, डिसेंबरात सगळे कार्ताहेनाला जाऊ. तुम्हाला बदल हवा."

कार्ताहेना म्हणजे एदेल्मिराचं गाव. लग्न झाल्यापासून दर डिसेंबरात आम्ही तिथे, हेत्सेमानी भागात, तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचो. जमिनीवर गाद्या, सगळ्यांत मिळून एक पंखा, आणि संध्याकाळी खुर्च्या दाराबाहेर रस्त्यावर. मला तेवढंच हवं होतं. त्या रस्त्यावर बसावं आणि कोणीतरी एदेल्मिराबद्दल बोलावं.

"म्हणजे दिग्नाताईकडे ना?" मी विचारलं.

दोघांनी फाब्योकडे पाहिलं. फाब्यो माझा जावई. तो विमा कंपनीत आहे आणि जेवताना माशाचे काटे दोनदा तपासतो.

"मावशीकडे नाही, बाबा," यानेथ म्हणाली. "तिथे तुम्हाला सगळं आठवेल."

"मला इथेही आठवतं."

"म्हणून तर बदल हवा."

फाब्योने लॅपटॉपवर शहराचा नकाशा उघडला आणि बेत सुरू झाला.

"तटबंदीवरून सूर्यास्त बघू," विल्मर म्हणाला.

"वेडा आहेस का? तिथे त्यांची पहिली भेट झाली," यानेथ कुजबुजली. मी समोरच बसलो होतो.

"सान्तो दोमिंगोचं चर्च?"

"लग्न."

"घड्याळाचा मनोरा?"

"तिथे बाबा तिची वाट बघत उभे राहायचे."

"तासन् तास," मी म्हणालो. "एकदा तर..."

"बघा, सुरू झालं," फाब्यो हळूच म्हणाला आणि त्याने मनोरा नकाशावरून उडवला.

मार्बेयाचा किनाराही गेला, कारण आईने यानेथला तिथे पोहायला शिकवलं होतं. तळलेला मासा आणि नारळाचा भात तर चर्चेलाही आला नाही. शेवटी समुद्राकाठचं एक उंच हॉटेल उरलं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या, समुद्राकडे तोंड, शहराकडे भिंत. जेवण आतच, पिझ्झा. पोहायचा तलावही आत.

"तलाव बोगोतात नाहीत का?" मी विचारलं. कोणी हसलं नाही.

"मी फोन करून खोल्या घेतल्यासुद्धा," यानेथ म्हणाली. "फक्त मावशीला कळता कामा नये. तिकडे आपलं माणूस हॉटेलात उतरलं की जन्माचा अबोला."

"एवढ्या मोठ्या शहरात तिला कळणार कसं?" फाब्यो म्हणाला.

आमच्या इमारतीत शेजारी वारला तर ते आम्हाला लिफ्टमधल्या कागदावरून कळतं. त्यामुळे बोगोताच्या माणसाला जग असंच आहे असं वाटतं.

मिठाईला हात लावणार तोच माझा फोन वाजला. पडद्यावर दिग्नाताई, पाठीमागे तिची गल्ली.

"काय रे एलिएसेर, मी मेले का?"

"नाही ताई."

"मग माझी पोरं हॉटेलात का उतरतायत? त्या हॉटेलात फोन घेते ती आमच्या कोपऱ्यावरच्या नोर्माची नात आहे. तिने आडनाव ऐकलं आणि इकडे गल्लीभर झालं. मासेवाला माझं सांत्वन करून गेला!"

यानेथचा चेहरा उतरला. "मावशी, बाबांसाठी केलं गं. त्यांना सहन होणार नाही."

"काय सहन होणार नाही?"

"ते... सगळं."

"सगळं म्हणजे एदेल्मिरा?"

विल्मरने चमचा खाली ठेवला. फाब्यो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी आता खुर्चीवरून पडणार.

"तुम्ही काचाको लोक!" दिग्नाताई सुटलीच. डोंगरातल्या आम्हा थंड माणसांना किनाऱ्यावरचे असंच म्हणतात. "माझ्या बहिणीला त्या अंत्यदर्शनाच्या गारठलेल्या हॉलमध्ये ठेवलंत आणि संध्याकाळी दार लावून लोकांना घरी पाठवलंत. कॉफी मशीनमधली! आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी नऊ रात्री सगळी गल्ली जागते, तुम्ही जागवल्यात का? डॉमिनो नाही, एक विनोद नाही, माणूस असा पाठवतात? आता त्या रात्री मी जागवणार आहे, डिसेंबरात. पाद्रीबाबा म्हणतात फार उशीर झाला. म्हटलं, ती कधी वेळेवर आली होती?"

मला हसू आलं. फाब्योने घाईघाईने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"माझी गादी घाल, ताई," मी म्हणालो. "मुलं हॉटेलात राहतील. मी तुझ्याकडे येतो."

"बाबा!"

"बदल तुम्हाला हवाय, तर तुम्ही घ्या. मला ती हवी आहे."

यानेथने हात पुढे केला. मला वाटलं, आता फोन काढून घेते. पण ती पडद्याकडे बघून म्हणाली, "मावशी, आई डॉमिनोत लबाडी करायची."

"काय म्हणालीस?"

"खूण म्हणून टेबलाखालून बाबांना पाय मारायची. हातात दुहेरी सहाची सोंगटी असली की जोरात."

"मलाही लागायचा," विल्मर म्हणाला. "मी मध्ये बसायचो ना."

"म्हणजे दरवर्षी मी हरत होते ते..." दिग्नाताईने चेहरा पडद्याला चिकटवला. "एलिएसेर! आणि तू गप्प बसलास?"

"नवरा होतो गं. काय करणार?"

तिने मान वळवून रस्त्यावर हाक दिली, "ऐकलंत का? एदेल्मिरा चोर होती!"

"आम्हाला माहीत होतं!" पलीकडून कोणीतरी ओरडलं आणि सगळी गल्ली हसली. यानेथही हसत होती, हसताहसता रडत होती. तिने खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली.

"मावशी, आमच्याही गाद्या घाल."

"खोल्या रद्द करता येत नाहीत," फाब्यो म्हणाला.

"मग तू राहा तिथे," विल्मर म्हणाला.

दिग्नाताईचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. "आणि पूर आला होता त्या वर्षी," ती विचारत होती, "मी पैजेवर माझी चांदीची कर्णफुलं हरले होते, तेव्हाही?"

"तेव्हाही, ताई," मी म्हणालो. "तेव्हा तर दोन्ही पायांनी."