कुसाबाईंना न दिसलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना पोलादी चिमटा आहे. लांब, बारीक, टोकाला पक्ष्यासारखी चोच आणि मुठीशी फिरवायचा स्क्रू. कुठल्या कारखान्यात घडलो, ते मला आठवत नाही. माझा डबा उघडला तो नाशकातच, द्वारकेजवळच्या एका लहान दवाखान्यात, सत्तरच्या दशकात.

काम एकच. लघवीच्या वाटेने मूत्राशयात शिरायचं, तिथला मुतखडा चोचीत धरायचा आणि चुरडायचा. पोट फाडायचं नाही, टाका घालायचा नाही. आत नुसता अंधार आणि पाणी. मला डोळे नाहीत आणि डॉक्टरांनाही आतलं दिसत नसे. माझ्या मुठीला काय जाणवतं, त्यावर सगळा कारभार. आपण नेमकं काय करतोय, असा प्रश्न मला रोज पडे.

एकदा सिन्नरकडचा सहादू आला. खडा लिंबाएवढा आणि सोबतीला जुना दमा. पोट फाडलं तर खोकल्याने टाके तुटायचे, म्हणून डॉक्टरांनी मला उकळायला टाकलं. सहादूच्या कमरेत बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मी बराच खडा फोडला, डॉक्टरांनी नळीला लावलेल्या रबरी फुग्याने भुगा ओढून घेतला, आणि सहादूला खोकल्याची उबळ आली. आत जखम होऊ नये म्हणून डॉक्टरांनी मला अलगद बाहेर काढलं. एक तुकडा आत राहिला.

बाहेर त्याची बायको कुसाबाई डबी घासूनपुसून बसली होती. दगड न्यायला. डॉक्टरांनी वाडग्यातला भुगा दाखवला.

"ह्यो काय?"

"हाच तो दगड."

"ही तर वाळू हाय, सायेब. गोदावरीत लय पडलीय."

दवाखान्यातली आया भिमाबाई पदरात तोंड लपवून हसली.

"हसू नका, आक्का. माझ्या दिराचा दगड सबंध निघाला. फडताळात हाय. पाव्हण्यांना चहासंगं दाखवितो. ह्यांना तर साधा टाकाबी नाय. पोट फाडा, नायतर सुट्टी द्या. मी घेऊन जाते."

"बाई, आत तुकडा राहिलाय. तो वाटेत अडकला तर लघवी बंद होईल."

"तुकडा आत, वाळू भाईर. मग दगड कुठं हाय?"

खरं सांगतो, मित्रांनो, ट्रेमध्ये पडल्या पडल्या मलाही ते कळेना. एकाचे शंभर केले ते मीच. मग मी दुखणं घालवलं की वाढवलं?

डॉक्टरांनी वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या तुम्हीच ऑपरेशनच्या खोलीत या."

दुसऱ्या दिवशी भिमाबाईने कुसाबाईच्या तोंडाला फडकं बांधलं. मी आत गेलो. डॉक्टरांनी मला हळूच हलवलं.

टक.

"ऐकलं?"

"व्हय," कुसाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दगडच हाय."

मी चोच मिटली. कट्कन आवाज झाला. पुन्हा धरलं, पुन्हा कट्. फुग्याने भुगा ओढला. मग डॉक्टरांनी मला डावीकडे, उजवीकडे, खाली, सगळीकडे फिरवलं. कुठेच काही वाजलं नाही. मला वाटलं, मीच बहिरा झालो की काय.

"आता?" कुसाबाईने विचारलं.

"आता काही नाही."

दोन दिवसांनी लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर सहादू मोरीत गेला. दाराशी सगळे कान देऊन उभे होते. आतून धार वाजली, चांगली जोरात. कुसाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि तरीही विचारलंच, "मग घरी काय नेऊ?"

"मला ने की," सहादू आतून म्हणाला.

पुढे ऐंशीच्या दशकात दिवा असलेली, आतलं दाखवणारी दुर्बीण आली आणि मी कपाटात गेलो. कुणी तेल लावत नाही, स्क्रू घट्ट झालाय. जमलं तर दोन थेंब घाला. पाणी भरपूर प्या, लघवी अडली तर लाजून बसू नका. आणि कुणी दवाखान्यातून बरं होऊन आलं, तर काय निघालं ते मागाहून विचारा. आधी त्याला बसायला पाट द्या.