भाऊजींची खुर्ची

१९७४ साली ताईचे यजमान घरीच इंग्रजीचे क्लास घ्यायचे. चालण्यावरचे वाक्प्रचार शिकवावेत ते भाऊजींनीच. स्वतः मात्र खुर्चीतून हलायचे नाहीत. माठ चार पावलांवर, तरी पाण्यासाठी ताईला हाक!

एकदा ताईचा पाय मुरगळून टम्म सुजला.

"अहो, कोपऱ्यावरून औषध आणता का?"

"क्लास चालू आहे ना! तूच जा हळूहळू."

ताई लंगडत निघाली ती औषध घेऊन थेट माहेरी आली. ती परत येणार नाही हे सांगायला मी गेले, तर भाऊजी वर्गाला म्हणाले, "लिहून घ्या. ह्याला म्हणतात 'वॉक आउट ऑन समवन', म्हणजे एखाद्याला सोडून चालतं होणं."

ताई परतली नाही. तिने शिवणाचं दुकान काढलं आणि सत्तरीपर्यंत तिथे पायी गेली. भाऊजींचा क्लास बंद पडला. माठापर्यंत मात्र त्यांना अखेर स्वतःच चालावं लागलं.