सूज नव्हे

बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडकली आहे — हिरवीगार, काचेची, नखाएवढीही पुढे सरकायला तयार नाही — आणि धोंडिराम कासार बनूचा पंजा दोन्ही हातांत धरून, चोळून, दाबून, बोटं एकावर एक गोळा करून समजूत घालतो आहे, बांगडीची की हाताची कोण जाणे. बनूला दुखतं आहे. पण ती बघते आहे त्या हिरव्या कडेमागे फुगून आलेल्या मांसाकडे. सावळं, गुबगुबीत, चकाकणारं. हे कुठून आलं? हा माझा हात?

"तुजं माप सव्वादोनचं," धोंडिराम म्हणाला. "गावातल्या समद्या हातांची मापं हायती माज्या ध्यानात. दुष्काळात तर तुला ह्या बी ढिल्या व्हत व्हत्या."

होत होत्या. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडताना हातोडा वर गेला की बांगड्या पार कोपरापाशी, खाली आला की मनगटावर… दिवसभर नुसती खुळखुळ. दोन वर्षं झाली त्याला. आता रानात शाळू कणसावर होता, विहिरीला पाणी होतं, पलटणीतून नवऱ्याची पत्रं वेळेवर येत होती, आणि तिला सातवा महिना लागला म्हणून आज ओटी भरायची होती, हिरवा चुडा भरायचा होता. सगळं कसं जिथल्या तिथे. हात तेवढा मापात बसत नव्हता, आणि तिला — खरं सांगायचं तर — हसू येत होतं.

"अडीचच्या लागतील," म्हणत धोंडिराम गाठोड्याकडे वळला.

तेवढ्यात सासू वाकली. बाळाबाईनं सुनेचा हात उजेडात धरला, उलटापालटा केला. "हे बाळसं न्हवं," ती हळूच म्हणाली. "सूज हाय ही. थांबा वो, भरू नगा चुडा."

सोप्यात जमलेल्या बायका बघायला पुढे सरकल्या. सासूवर रागवायची सोय नव्हती. दुष्काळात याच सोप्यात मामंजींचे पाय भरून आले होते, चेहरा गोल झाला होता, आणि उपाशी घराला वाटलं की म्हातारा अंगानं सुधारला. बाळाबाईनं तर चार घरी कौतुकानं सांगितलंही. पंधरवड्यात म्हातारा गेला. तेव्हापासून भरलेलं अंग दिसलं की बाळाबाईला त्याचंच मरण आठवतं. आता तिचे डोळे बनूच्या पोटावर खिळले होते, आणि बनूचं हसू कुठल्या कुठे गेलं.

म्हणजे पुन्हा फसवलं का मला या देहानं?

कारण एकदा फसवलं होतंच. थोरली लेक मालन तीन महिन्यांची असताना दूध आटलं. पोर ओढायची, थकायची, रडायचंही विसरायची… शेवटी समोरच्या रंगूबाईनं, जिला सगळं गाव पिठाचं पोतं म्हणायचं आणि जिचं पोतं दुष्काळातही पुरतं रिकामं झालं नव्हतं, तिनं न विचारता मालनला उचललं आणि आपल्या लेकाबरोबर पदराखाली घेतलं. मी चौकट धरून बघत उभी. गुटुक, गुटुक — पोरीच्या गिळण्याचा आवाज. पोर जगणार म्हणून बरं वाटत होतं, आणि तो आवाज दुसरीच्या पदराखालून येतो म्हणून मी जळत होते. हो, जळत होते. मालनला झोप आली की ती अजून समोरच्या घरी जाते.

हे सगळं एकदा बनूनं दवाखान्यातल्या नर्सबाईला सांगून टाकलं होतं. नर्सबाई सांगलीची, वडील हळदीच्या पेवांवर कामाला. ती म्हणाली होती, "अगं, खाल्ल्यातलं जे उरतं ते शरीर फेकत नाही. त्याची चरबी करतं, आणि कातडीखाली बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांत भरून ठेवतं. आमच्याकडे जमिनीखालच्या पेवात हळद साठवून ठेवतात ना, तसं. बाईच्या मांड्यांवर, कमरेखाली साठतं ते लेकराच्या दुधासाठी. तू आपल्या ताटातलं दुसऱ्यांना वाढत बसलीस. पेव रिकामं, तर दूध येणार कशाचं? पण पिशव्या मरत नाहीत. चिमून जागच्या जागी बसतात, खाल्लंस की पुन्हा भरतात." आणि जाता जाता, "सूज वेगळी हं. सूज म्हणजे पाणी. नडगीवर अंगठा रोव आणि दहा मोज. खड्डा राहिला तर धावत ये माझ्याकडे."

बनूनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर ओढलं. धोंडिरामनं घाईघाईनं गाठोड्यात तोंड घातलं.

"आगं, काय करतीस?" बाळाबाई म्हणाली.

बनूनं अंगठा रोवला. एक. दोन — मामंजींच्या पायावर वहाणेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा, आणि आम्हा कुणाला काही कळलं नाही… चार. पाच — आमची बनू खातीच केवढं, चिमणीएवढं, असं सासू आल्यागेल्याला सांगायची, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून मी अर्धी भाकरी टोपल्यात परत ठेवायची, पोटात आग पडलेली असताना… आठ. नऊ. दहा म्हणून झालं तरी अंगठा तिथेच. अकरा, बारा — उचलायची भीती वाटते…

उचलला.

खड्डा नव्हता. पांढुरका ठसा क्षणभर दिसला आणि तोही पुसला गेला. तिनं दुसरी नडगी दाबली, मग दंड, मग मनगट. जिथे दाबावं तिथलं मांस अंगठ्याला परत ढकलत होतं, जोरानं, हक्कानं. पाणी नाही हे. माझं आहे. भाकरी-भाकरीनं, शेंगांच्या कुटानं, ताकाच्या वाटीवाटीनं मी केलेलं, आणि मला न सांगता या देहानं ते जपून ठेवलेलं! तिचा ऊर असा भरून आला की ओरडून गावाला सांगावं वाटलं. तिनं सासूचा अंगठा धरला आणि आपल्या नडगीवर टेकवला.

बाळाबाईनं दाबलं. बघितलं. पुन्हा दाबलं. "न्हाई ऱ्हात खड्डा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "न्हाईच की गं."

"मग भरा की वो चुडा," रंगूबाई दारातून म्हणाली. "आता गावात दोन पोती झाली."

बायका हसल्या. अडीचच्या बांगड्या भरल्या, ओटी भरली, ताट आलं. पुरणाच्या दोन पोळ्या संपल्या तशी बाळाबाई सवयीनं, बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बास न्हवं? आमची बनू खातीच केवढं."

बनूचा हात ताटाच्या कडेला थांबला. पाच वर्षं या एका वाक्यावर जगले मी. ते गोड होतं, आताही गोड लागत होतं… दूध येईल का? नर्सबाईनंही छातीवर हात ठेवून सांगितलं नव्हतं. दोन महिने आहेत अजून, काय व्हायचं ते होईल. पण आत कुठेतरी, मांड्यांत, कमरेत, त्या हजारो बारक्या पिशव्या तोंडं उघडून बसल्या आहेत आणि मी त्यांना चिमणीएवढं घालणार?

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "मला भूक हाय. वाढा अजून."

या घरात हे शब्द तिनं आजवर कधी उच्चारले नव्हते. ते बोलताना तिनं मान खाली घातली नाही, आणि पोळी ताटात पडेपर्यंत सासूवरची नजर काढली नाही.