उलट न बोलणारी

पावणं, जरा वर बघा. माळ्यावर, जुन्या कापडाखालून बोलतोय तो मी, नेमिनाथ आण्णांचा इंग्रजी टाइपरायटर. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही; तेलाचा वास आणि स्वतःची पहिली घंटी, एवढंच. डोळे उघडले ते कोल्हापूरच्या राजारामपुरीत, आण्णांच्या टायपिंगच्या दुकानात.

माझ्यातून निघालेला कागद कुठल्या कुठे जायचा आणि मी आपला टेबलावरच. म्हणून मला स्वप्नं फार पडायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पेंगत पेंगत मी मुंबईच्या कचेऱ्या आणि परदेशची विद्यापीठं फिरून यायचो. तिकडे बर्फ पडतो म्हणे. मला तो कोऱ्या कागदासारखा दिसायचा.

शिफारसपत्राचा आण्णांचा साचा ठरलेला होता. आज्ञाधारक, शांत, कधीही उलट न बोलणारा. मुलगी असली तरी साचा तोच. कोल्हापुरातली निम्मी पोरं माझ्याच कृपेने आज्ञाधारक झाली आहेत.

सत्त्याण्णव साली जवळच्या गडमुडशिंगी गावची सोनम आली. राज्यशास्त्रात एम.ए. झालेली. तिला राजकीय तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायला परदेशी जायचं होतं. अर्ज तयार होता, घोडं अडलं होतं तिला शिकवणाऱ्या सरांच्या शिफारसपत्रापाशी. सर म्हणाले होते, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडची रीतच ती. पण स्वतःची स्तुती स्वतः कशी लिहायची? उद्या अर्ज पोस्टात पडला नाही तर वर्ष हातचं जाणार होतं.

"तुमचं नेहमीचं असतंय तेच घाला," ती आण्णांना म्हणाली.

सोबत तिचे वडील होते, बाबासो, गवंडीकाम करणारे. कागद निघाल्यावर म्हणाले, "काय लिवलंय, मराठीत सांग की."

तिने सांगितलं. बाबासो हसत सुटले.

"उलट न बोलणारी? ही कुणाची पोरगी म्हणायची? आण्णा, हिनं भर वर्गात सरास्नी इचारलं, माझ्या जन्माआधी दुसऱ्यांनी ठरिवल्यालं मी का पाळायचं? सरास्नी उत्तर आलं न्हाय. त्येच हुडकायला निघाल्या न्हवं ती? मग त्येच लिवा की."

सोनमचे कान लाल झाले. आण्णा उठले आणि त्यांनी खुर्ची तिला दिली. एकेका बोटाने, चाचपडत तिने सरांच्या वतीने इंग्रजीत लिहिलं, 'या मुलीने मला एक प्रश्न विचारला. मला उत्तर देता आलं नाही. ती ते शोधायला निघाली आहे.'

मी मनात म्हटलं, आपल्याला उत्तर येत नाही, यावर कुठला प्राध्यापक सही करेल?

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. सरांनी म्हणे बराच वेळ वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शिफारसपत्र आज पहिल्यांदाच वाचून मग सही करतोय."

ती गेली. तिकडेच शिकली, तिकडेच शिकवू लागली. दुकानात कॉम्प्युटर आले आणि मी माळ्यावर चढलो. हल्ली बाबासो तिची ई-मेल छापून घ्यायला येतात. आजही आलेत. मघाशी आण्णांना म्हणत होते, "त्या दिशी मी तोंड मिटून बसलो असतो, तर पोरगी हितंच ऱ्हायली असती, व्हय की न्हाय?"

"मग बसायचं हुतं," आण्णा म्हणाले.

"बसवलं न्हाय की."

बाबासोंनी कागद घडी घालून खिशात ठेवला, पण अजून उठले नाहीत. माझं स्वतःचं काही मागणं नाही. मला आता परत गुंगी येतेय. तुम्ही जाता जाता त्यांच्याजवळ जरा बसा आणि सोनम कशी आहे, एवढं विचारा.