बटाट्यांची फेरपरीक्षा

उभ्या नोकरीत मास्तरांनी एकाही पोराला नापास केलं नव्हतं. शाळेत त्यांना ग्रेसमास्तर म्हणत, आणि राग येण्याऐवजी त्यांना त्याच्या गुदगुल्याच होत. निवृत्तीनंतर सुनेने त्यांना बटाट्यांवर नेमलं, तिथेच घोळ झाला.

सुनेचा मागच्या खोलीत वेफर्सचा धंदा. मास्तरांचं काम सोपं होतं. मिठाच्या पाण्याच्या टबात बटाटे सोडायचे. बुडाला तो भरीव, तो तळणीला. तरंगला तो पाणचट. तळला की तेल पिऊन मऊ पडणारा, म्हणून त्याची रवानगी टोपलीत. आज तर नाट्यगृहाच्या कँटीनवाल्या बाई माल चाखायला येणार होत्या. पसंत पडला तर दर प्रयोगाची ऑर्डर पक्की. त्या भरवशावर सून शिवणकारखान्यातली नोकरी सोडून बसली होती.

"बाबा, आज दयामाया नको हं."

"अगं, डोळ्यांत तेल घालून बघतो!"

आणि पहिलाच एक गोल गुबगुबीत बटाटा तरंगला. मास्तरांनी त्याला बोटाने खाली दाबलं. बापडा पुन्हा वर आला. मागोमाग आणखी आले. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि साध्या पाण्याची बादली हळूच टबात रिकामी केली. खारेपणा उतरला तसे सगळे बटाटे गपगुमान तळाशी गेले. निकाल शंभर टक्के!

दुपारी कँटीनवाल्या बाईंनी एक वेफर उचलला. तो मोडला नाही, वाकला. बाई भल्या होत्या.

"चालतील तसे," रुमालाला बोटं पुसत त्या म्हणाल्या. "कळवते मी."

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘चालेल तसं’ हे जन्मभर त्यांचंच वाक्य. त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार!

"मुळीच नाही चालणार," ते ताडकन उठले. "हे नापास आहेत. आणि चूक सुनेची नाही. टबात पाणी मी ओतलं."

"बाबा!" सून किंचाळलीच.

"बाई, जरा बसा. फेरपरीक्षा घेतो."

उरलेले बटाटे टबात गेले. मास्तर मुठीमुठीने मीठ टाकत ढवळू लागले. सगळ्यात आधी वर आला तो गुबगुबीत. मग रांगच लागली. मास्तरांनी एकेकाला उचलून टोपलीत ठेवलं, मनातल्या मनात त्याची माफी मागत. तळाशी राहिले ते मोजकेच. सुनेने ते चकत्या करून तळले.

बाईंनी चावा घेतला आणि कुर्रकन आवाज खोलीभर घुमला. त्यांनी दुसरा उचलला, मग तिसरा.

"उद्याच्या प्रयोगाला पाठवाल?"

सुनेच्या आधी मास्तरांचीच मान हलली.

रात्री टोपलीतल्या बटाट्यांचा रस्सा झाला.

"घ्या, तुमचे लाडके," सुनेने वाढलं. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता.

मास्तरांनी फोड उचलून पाहिली. इतकी शिजूनही ती अख्खी होती, आणि चव तर झकास. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरं हुशार होती गं," ते म्हणाले. "विषय चुकला होता."