दीपगृहापर्यंतचा आवाज

दीपगृहावर वाढलेली माणसं ओरडूनच बोलतात. तिथल्या रखवालदाराच्या मुलीचं नाव घरच्यांनी चिमणी पाडलं, पण गळा होता भोंग्याचा. त्या वाऱ्यात बाबांना नुसतं "चहा झालाय" सांगायचं तरी घसा ताणावा लागे. तीच सवय घेऊन ती रेडिओ केंद्रावर आली आणि पहिल्याच दिवशी हवामान वाचताना आवाजाच्या चिंध्या झाल्या. तिकडे दीपगृहावर कान लावून बसलेल्या बाबांना नुसती खरखर ऐकू आली. आज पुन्हा तेच झालं तर वाचन दुसऱ्याला देणार, असं केंद्रप्रमुखांनी सांगून टाकलं होतं.

"आत्या, मला एफएमवर टाक ना, तिथे आवाज स्वच्छ येतो," ती म्हणाली.

प्रक्षेपक सांभाळणारी आत्या बाबांची धाकटी बहीण. त्याच दीपगृहावर वाढूनही तिचा आवाज कधी चढत नसे, याचं चिमणीला कायम नवल वाटे.

"एफएम सरळ जातं बाई. मध्ये डोंगर आला की खेळ खलास. मीडियम वेव्हची लाट लांबलचक, ती जमिनीला, पाण्याला धरून जाते. तुझ्या बापापर्यंत तीच पोहोचते."

आत्याने तिला माइक देऊन यंत्राच्या पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर एक हिरवा पट्टा निवांत पसरला होता.

"ही नुसती लाट. आता बोल."

चिमणी पुटपुटली. पट्टा फुगला, आकसला, पुन्हा फुगला.

"एफएममध्ये लाटेची उंची हलत नाही, कंपनं कमीजास्त होतात. इथे तुझ्या आवाजाबरोबर उंचीच वरखाली होते. आता ओरड."

ती ओरडली आणि पट्ट्याचे तुकडे पडले.

"बघ. लाट आकसून आकसून शून्याला टेकली. त्याखाली कुठे जाणार? तिथेच तुझे शब्द तुटतात."

"पण बाबा किती लांब आहेत."

"लांब जायचं काम लाटेचं. तू कशाला धापा टाकतेस?"

चिमणी पडद्याकडे बघतच राहिली. एवढ्या धिप्पाड यंत्राला आपलं पुटपुटणंही नेमकं कळतं, आणि आत्याला ते यंत्र कळतं. तिला दोघांनाही हात जोडावेसे वाटले.

मग बाबा शेजारच्याच खुर्चीत बसलेत असं समजून तिने हवामान वाचलं. जन्मात ती त्यांच्याशी असं बोलली नव्हती. काचेपलीकडे आत्या पट्ट्यावर नजर ठेवून होती. तो एकदाही तुटला नाही.

थोड्या वेळाने बाबांचा फोन आला. सवयीने तिने तो कानापासून हातभर लांब धरला. काहीच ऐकू येईना, तेव्हा कानाला लावला.

"ऐकलं गं," बाबा अगदी हळू म्हणत होते. "सगळं ऐकलं."